दिवसाला दोन वायनरी पुरेत

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतून द्राक्षप्रदेशांतल्या शनिवार-रविवारच्या सहलींवर लेख येऊ लागतात. छायाचित्रे सुरेख असतात, वायनरींची नावे भरपूर असतात आणि शेवटी वेळापत्रक दिलेले असते: शनिवारी पाच वायनरी, रविवारी चार आणि अधेमधे बाजारपेठ. कोण किती पिणार, गाडी कोण चालवणार आणि घेतलेल्या बाटल्या दिवसभर कुठे राहणार, याबद्दल मात्र अवाक्षर नसते. सहल बिघडते ती याच तीन ठिकाणी, म्हणून हे सविस्तर पत्र. दिवसाला दोन वायनरी, फार तर तीन, आणि खरेदी शक्यतो परतीच्या दिवशी, एवढे धोरण ठेवले तरच अशा सहलीतून काही हाती लागते, असे आमचे ठाम मत आहे.

हिशेब सोपा आहे. टेस्टिंगमध्ये, म्हणजे वायनरीत वाइन चाखायला देतात तेव्हा, एका वाइनचा घोट साधारण 30 ते 60 मिलिलिटरचा असतो. पाच वाइन, प्रत्येकी 45 मिलिलिटर धरल्या तर 225 मिलिलिटर होतात. म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीचा जवळपास तिसरा हिस्सा. वाइनमध्ये 13 टक्के अल्कोहोल असेल तर त्यातून सुमारे 23 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते, तेव्हा एका वायनरीचा हिशेब चुकता व्हायला अडीच-तीन तास लागतात. आपण मात्र तासाभरात पुढच्या दारात उभे असतो. तीन वायनरी झाल्या की प्रत्येकाने जवळजवळ अख्खी बाटली संपवलेली असते, तीही कुणाच्या लक्षात न येता, कारण ग्लास एकदाही भरलेला दिसत नाही. कॉफी, गार पाणी किंवा मोकळी हवा यांनी हा निचरा जराही लवकर होत नाही. फक्त झोप उडते.

आता गाडीचे. फ्रान्स, इटली आणि स्पेनमध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालते. नव्या चालकांसाठी ही मर्यादा आणखी कडक आहे. फ्रान्समध्ये त्यांना 0.2 ग्रॅम. तोकायसारखा नामांकित वाइनप्रदेश असलेल्या हंगेरीत आणि मोराव्हियाच्या वाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या चेक प्रजासत्ताकात ती सर्वच चालकांसाठी सरळ शून्य आहे. त्यामुळे ‘थोडीशीच चाखली’ हे उत्तर कुठेही चालत नाही. ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याने त्या दिवशी चाखायचेच नाही, थुंकूनसुद्धा नाही, कारण थुंकले तरी थोडी वाइन पोटात जातेच. दोन दिवस असतील तर चालक आलटून पालटून ठेवावेत. शनिवारी रात्री उशिरापर्यंत प्यायलेला माणूस रविवारी सकाळी आठलाही मर्यादेच्या वर असू शकतो, हेही धरून चालावे.

याहून चांगला उपाय म्हणजे गाडी लागणारच नाही अशी जागा निवडणे. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरासमोर, दौरो नदीच्या पलीकडच्या काठावर विला नोव्हा दे गाया येथे पोर्ट वाइनची गोदामे एकमेकांना खेटून आहेत. पूल ओलांडला की सगळे पायी. स्पेनच्या रिओहा प्रदेशातल्या आरो गावात रेल्वे स्थानकाभोवती जुन्या नामवंत वायनरींची वस्तीच आहे. फ्रान्समधल्या एपर्नेच्या अव्हेन्यू द शांपान या एका रस्त्यावरच्या शांपान (शॅम्पेन) वायनरींत दोन दिवस घालवता येतात. दोन दिवसांच्या सहलीसाठी अशी गावे दूरवर पसरलेल्या प्रदेशांपेक्षा कितीतरी सोयीची आहेत, आणि पुरवण्यांनी ती आधी सुचवायला हवीत.

गाडीनेच जायचे असेल तर नकाशावरची रेघ बघून भुलू नये. फ्रान्समधल्या आल्झासचा वाइनमार्ग सुमारे 170 किलोमीटरचा आहे, जर्मनीतला 1935 साली सुरू झालेला वाइनमार्ग सुमारे 85 किलोमीटरचा. दोन दिवसांत यातला एक तुकडा निवडावा, पंधरा-वीस किलोमीटरचा, आणि मुक्काम त्याच्या मध्यावर ठेवावा. कॅलिफोर्नियातले नापा खोरे लांबीला जेमतेम 50 किलोमीटर आहे, पण शनिवार-रविवारी महामार्ग 29 वर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. खोऱ्याच्या पूर्वेकडून समांतर जाणारा सिल्व्हराडो ट्रेल हा रस्ता त्यामानाने मोकळा असतो. दुपारच्या वेळी खोऱ्यात आडवे-तिडवे फिरण्यापेक्षा एकाच बाजूच्या वायनरी एका दिवशी घ्याव्यात.

पूर्वनोंदणीबाबत बरेच जण गाफील राहतात. नापा काउंटीच्या 1990 च्या नियमानंतर सुरू झालेल्या वायनरींना आधी वेळ ठरवून आलेल्यांनाच टेस्टिंग देता येते. फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशात तर बड्या शातोंचे, म्हणजे स्वतःचे मळे असलेल्या वायनरींचे, दार नोंदणीशिवाय उघडत नाही, रविवारी बरीच दारे बंदच असतात, आणि काढणीच्या दिवसांत अनेक ठिकाणी पाहुणे घेत नाहीत. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशातल्या बोन गावी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी ऑस्पिस द बोन या जुन्या धर्मादाय रुग्णालयाचा प्रसिद्ध वाइन-लिलाव असतो. त्या आठवड्यात खोली मिळणे मुश्कील. नोंदणी करताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: किती वाइन देणार, प्रत्येकीचे माप किती, तळघर दाखवणार का, आणि खरेदी केल्यास टेस्टिंगचे शुल्क वळते होते का. दोन वेळांमध्ये निदान अडीच तासांचे अंतर ठेवावे. एका भेटीला दीड तास लागतो, आणि उरलेला तास जेवण व रस्ता यांत जातो.

टेस्टिंगसाठी सकाळी दहा ते बारा ही वेळ सर्वांत चांगली. जीभ ताजी असते, गर्दी कमी असते आणि वाइन ओतणाऱ्या माणसाला बोलायला सवड असते. पण उपाशीपोटी जाऊ नये. रिकाम्या पोटी अल्कोहोल भराभर रक्तात उतरते. निघण्यापूर्वी तासभर आधी दात घासून घ्यावेत, कारण पेस्टमधल्या पुदिन्याने पहिल्या दोन वाइन फुकट जातात. उलट, टेस्टिंग संपल्यावर लगेच दात घासू नयेत. वाइन आम्लधर्मी असते, तिचा सामू 3 ते 4 च्या दरम्यान असतो, त्यामुळे दातांवरचे कवच थोडा वेळ मऊ पडलेले असते. पाण्याने चूळ भरून अर्धा-एक तास थांबावे. अत्तर किंवा सेंट अजिबात नको. त्याने आपल्याबरोबर शेजारच्या दहा जणांचीही टेस्टिंग नासते.

पिकदाणीबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण टेबलावर ठेवलेले ते भांडे बहुतेकांना शोभेचे वाटते किंवा त्यात थुंकणे असभ्य वाटते. वाइनच्या व्यवसायातला प्रत्येक माणूस थुंकतो, आणि थुंकणाऱ्या पाहुण्याकडे वायनरीचे लोक अधिक आदराने पाहतात. पद्धत अशी: ग्लास टेबलावर ठेवूनच तळाशी धरून दोन-तीनदा गोल फिरवावा, नाक आत घालून एक छोटा श्वास घ्यावा, थांबावे, पुन्हा घ्यावा. मग दहा-पंधरा मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन चमचे, तोंडात घ्यावे. जिभेवर, गालांच्या आत, हिरड्यांवर दहा सेकंद फिरवावे. आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी आणतो. तुरटपणा हिरड्या कोरड्या करतो. अल्कोहोल जास्त असेल तर घशाशी ऊब जाणवते. नंतर ओठांचा चंबू करून एका दमात बारीक धार सोडावी. भीतभीत सोडली तर ती हनुवटीवर येते. घरी न्हाणीघरात पाण्याने चार वेळा सराव केला की जमते. ग्लासात उरलेली वाइनही त्याच भांड्यात ओतून टाकावी. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

टेस्टिंगच्या प्रमाण ग्लासात 215 मिलिलिटर मावते आणि त्यात वाइन ओततात फक्त 50 मिलिलिटर. उरलेली रिकामी जागा सुगंध साठण्यासाठी असते, त्यामुळे ‘ग्लास भरून द्या’ असा आग्रह धरू नये. क्रम बुडबुड्यांची, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड असा असावा. हलकी आधी, भारदस्त नंतर. गोड वाइन आधी घेतली की पुढची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन निष्कारण आंबट लागते. तापमानावरही लक्ष ठेवावे. फेसाळ वाइन 6 ते 10 अंश सेल्सिअसला, पांढरी 8 ते 12 ला, लाल 14 ते 18 ला खुलते. पांढरी बर्फासारखी गार असेल तर तिचे गुणही कळत नाहीत आणि दोषही; ग्लास दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरावा. लाल वाइन उन्हाळ्यात उघड्या टेबलावर ठेवून कोमट झालेली असेल तर नुसते अल्कोहोल नाकाला झोंबते. थोडी गार करून द्या, असे निःसंकोच सांगावे.

चीजची थाळी समोर आली तर आधी वाइन, मग चीज. चीजमधली चरबी व प्रथिने वाइनचा तुरटपणा गिळून टाकतात, आणि चिजाबरोबर सामान्य वाइनही छान लागते. विकत घ्यायची की नाही हे ठरवताना तोंडात साधा पाव आणि पाणी, एवढेच असावे. प्रत्येक वाइनमागे ग्लासभर पाणी प्यावे.

एखाद्या ग्लासाला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यातल्या बंद कपाटासारखा वास आला आणि फळाचा वास अजिबात नसला, तर तो आपल्या नाकाचा दोष नव्हे. बुचातून येणाऱ्या ट्रायक्लोरोअॅनिसोल या द्रव्यामुळे तसे होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी वास येतो. आरोग्याला अपाय नाही, पण ती बाटली वाया गेलेली असते. शांतपणे सांगितले तर यजमान स्वतः वास घेऊन दुसरी बाटली उघडतात. अशा सदोष ग्लासावरून त्या वायनरीबद्दल मत बनवणे अन्यायाचे आहे. व्हिनेगरचा झणझणीत वास किंवा कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला तर बाटली बराच वेळ उघडी राहिली का, ते विचारावे. शनिवारी उघडलेली बाटली रविवारी दुपारी ओतली जाण्याचे प्रकार घडतात.

काढणीचा हंगाम उत्तर गोलार्धात ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. या दिवसांत वायनरी पाहण्यासारखी असते, पण यजमानांना बोलायला वेळ नसतो आणि एक धोकाही असतो. एक लिटर द्राक्षरस आंबताना सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तोंडाशी आणि तळघरातल्या खोलगट जागी साचतो. त्याला रंग नाही. आंबवणाच्या टाकीत वाकून डोकावू नये, मुलांना तर त्या भागात सोडूच नये. सांगितलेल्या वाटेवरूनच फिरावे.

वेलींच्या ओळींत शिरून छायाचित्रे काढण्याची हौस आवरती घ्यावी. फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड बुटांच्या चिखलातून एका बागेतून दुसरीत जाते. हिने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून बहुतेक जगात द्राक्षवेल अमेरिकी खुंटावर कलम करून लावावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलिया आजवर या किडीपासून मुक्त राहिले आहे, म्हणूनच बरोसा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकातल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली अजून फळ देतात. तिथे बागेत पाऊल टाकू नका, अशा पाट्या असतात. त्या मनापासून पाळाव्यात. परवानगी मिळालीच तर बूट स्वच्छ करूनच आत जावे.

कपड्यांबद्दल एवढेच, की बाहेर कितीही ऊन असले तरी स्वेटर जवळ असावा. फ्रान्सच्या शांपान प्रदेशातल्या, खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरांत बारमाही 10 ते 12 अंश तापमान असते, पायऱ्या ओल्या असतात आणि फेरी पाऊण तास चालते.

आता खरेदी. वायनरीच्या दुकानात तीच बाटली गावातल्या दुकानापेक्षा स्वस्त असेलच असे नाही. पुष्कळदा महागच असते. म्हणून वायनरीत ती वाइन घ्यावी जी बाहेर मिळत नाही: छोट्या उत्पादनाची, जुन्या सालाची. बाकीची गावातल्या दुकानातून घ्यावी. लेबलावर वाइन मळ्याच्याच मालकाने बाटलीबंद केली आहे का ते पाहावे. फ्रेंचमध्ये ‘मीझाँ बुतेय ओ शातो’ किंवा ‘ओ दोमेन’, जर्मनमध्ये ‘गुट्सआबफ्युलुंग’ असे लिहिलेले असते. नुसते बागेचे चित्र आणि मोठे नाव असले म्हणजे द्राक्षे तिथलीच असतील असे नाही.

दुकानात बाटली हातात घेऊन नीट बघावी. ती काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली किंवा उन्हात उभी होती का? पारदर्शक काचेतली गुलाबी वा फेसाळ वाइन प्रकाशाने फार लवकर बिघडते, तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. वाइनची पातळी मानेत वरपर्यंत आहे का? बुचावरच्या टोपीच्या कडेला चिकट ओघळ आहे का? बूच तोंडापेक्षा वर सरकले आहे का? यातले काहीही दिसले तर त्या बाटलीने उष्णता खाल्लेली आहे. दुकानदार कितीही सवलत देवो, ती परत ठेवावी. सोबत बूचकाढणे घ्यायचे तर दोन टप्प्यांची तरफ असलेले, साधे, वेटर वापरतात ते घ्यावे. त्याचा मळसूत्री दांडा मधे पोकळ असावा, म्हणजे वेढ्यांतून काडी घालता आली पाहिजे; भरीव स्क्रूसारखा दांडा जुने बूच कुरतडतो आणि भुगा बाटलीत पडतो.

वाइन क्लबचे सदस्य व्हा, असा आग्रह टेस्टिंगच्या शेवटी होतो. सदस्यत्व म्हणजे वर्षातून काही वेळा आपल्या कार्डावरून आपोआप पैसे जाणे आणि ठरलेल्या बाटल्या येणे. चार घोट पोटात असताना त्यावर सही करू नये. कागद घरी न्यावा, रद्द करण्याची अट वाचावी, मग ठरवावे.

सर्वाधिक नुकसान होते ते गाडीत. बाहेर 30 अंश असताना उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तासाभरात 45 अंशांच्या वर तापमान जाते. 20 अंशांवरची 750 मिलिलिटर वाइन 40 अंशांवर गेली की काही मिलिलिटरने फुगते, आणि बुचाखालची मोकळी जागाही जेमतेम तेवढीच असते. मग बूच वर सरकते, वाइन पाझरते, आणि रात्री गार झाल्यावर आत हवा ओढली जाते. वरून काही दिसले नाही तरी फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या मुरंब्याची चव उरते. सकाळी अकराला घेतलेली बाटली संध्याकाळी सहापर्यंत डिकीत ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. त्यासाठीच खरेदी परतीच्या दिवशी करावी. ते शक्य नसेल तर पैसे भरून बाटल्या वायनरीतच ठेवायला सांगाव्यात आणि निघताना उचलाव्यात. बहुतेक ठिकाणी आनंदाने ठेवतात. गाडीत थर्माकोलची किंवा जाड भिंतींची शीतपेटी असावी, बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून घालाव्यात. फेसाळ वाइनबाबत तर जास्तच जपावे, शांपानच्या बाटलीत बाहेरच्या हवेच्या दाबाच्या 5 ते 6 पट दाब असतो.

विमानाने परतायचे असेल तर वजन मोजावे. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची असते, बारांची पेटी 15 ते 18 किलोची. 23 किलोच्या सामानात कपड्यांना फारशी जागा उरत नाही. वायनरीतून घेतलेली वाइन सहसा केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानातच द्यावी लागते. प्रत्येक बाटली मोज्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मधोमध. बॅगेच्या कडेला एकही नको. सीमाशुल्काची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. युरोपीय संघाबाहेरून संघात येताना 4 लिटर साधी वाइन करमुक्त नेता येते, अमेरिकेत 21 वर्षांवरील प्रवाशाला 1 लिटर. कुरिअरने मागवायची झाल्यास उन्हाळ्यात पाठवू नका, हवा थंड झाल्यावर पाठवा, असे लेखी सांगावे.

घरी आल्यावर त्याच रात्री उघडण्याची घाई नको. प्रवासात हिंदकळलेली वाइन आठ-पंधरा दिवस अंधाऱ्या, गार जागी विसावू द्यावी. नैसर्गिक बूच असेल तर आडवी, फिरकीचे झाकण असेल तर कशीही. गाळ असलेली जुनी लाल वाइन उघडण्यापूर्वी दोन दिवस उभी ठेवावी.

संपादक महोदय, एक विनंती. यापुढे अशा सहलींवर लेख छापताना प्रत्येक वायनरीच्या नावाखाली बंदचा वार, नोंदणीची गरज, टेस्टिंगचे माप आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता सुटते, एवढी माहिती द्यावी. छायाचित्र थोडे लहान करावे लागले तरी चालेल.

कळावे,
आपला नियमित वाचक